दखल कधी घ्यायची? मायक्रोकंट्रोलरमधील इंटरप्टविषयी एक संवाद

मायक्रोकंट्रोलरचा सीपीयू एका वेळी एकच सूचना पाळतो. ती झाली की पुढची. त्याच्याभोवतीचे जग या क्रमाने चालत नाही. सिरियल लाइनवर बाइट येतो, टायमर भरतो, एडीसीचे रूपांतर पूर्ण होते, कोणीतरी बटण दाबते. प्रोग्राम त्या वेळी कोणत्या ओळीवर आहे, याच्याशी यांपैकी कशालाच देणेघेणे नसते. इंटरप्ट म्हणजे अशा घटनेने सीपीयूकडे केलेली मागणी: चालू काम आहे तिथे थांबवायचे, नेमून दिलेला छोटा प्रोग्राम चालवायचा आणि थांबवलेल्या ठिकाणी परत यायचे. त्या छोट्या प्रोग्रामला इंटरप्ट सर्व्हिस रूटीन म्हणतात. कामाच्या ठिकाणी सगळे आयएसआर एवढेच म्हणतात.

मागणी सीपीयूपर्यंत पोहोचण्यासाठी तीन बिट जुळावे लागतात. घटना घडली की संबंधित स्टेटस रजिस्टरमधला तिचा फ्लॅग १ होतो. त्या घटनेचा इनेबल बिट १ असेल तर मागणी पुढे सरकते. सर्व इंटरप्टांसाठीचा सामाईक बिटही १ असेल तर सीपीयू तिची दखल घेतो. यातला महत्त्वाचा बारकावा असा की इनेबल बिट शून्य असला तरी फ्लॅग लागायचा राहत नाही. घटना लक्षात ठेवण्याचे काम हार्डवेअर करते. दखल कधी घ्यायची, हा प्रश्न त्यानंतरचा आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा.

मागणी चिपबाहेरून, पिनवरच्या व्होल्टेजमुळे आली तर ती बाह्य इंटरप्ट. चिपवरच्याच टायमर, सिरियल पोर्ट, एडीसी अशा पेरिफेरलकडून आली तर पेरिफेरल इंटरप्ट. सीपीयूच्या दृष्टीने दोन्हींचा शेवटचा टप्पा सारखा असतो. फरक आहे तो मागणी कशी जन्मते आणि कशी मिटते यात.

दखल कधी घ्यायची याबाबत एम्बेडेड क्षेत्रात दोन जुने पक्ष आहेत. एकाचे म्हणणे, प्रोग्रामने आपल्या वेळेने सगळे फ्लॅग तपासावेत, म्हणजे पोलिंग करावे. दुसऱ्याचे म्हणणे, घटनेने तिच्या वेळेने प्रोग्रामला थांबवावे. पुढील संवादात पहिला पक्ष एका वरिष्ठ अभियंत्याच्या तोंडी आहे. ८०५१ वर त्यांची घडण झाली. महाराष्ट्रातल्या पदविका आणि पदवी अभ्यासक्रमांतून अनेक वर्षे हीच चिप शिकवली गेली. दुसरा पक्ष त्यांच्या हाताखालच्या कनिष्ठ अभियंतीचा आहे. समोरचा बोर्ड १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एटीमेगा३२८पी चिपचा, म्हणजे आर्डुइनो ऊनोवर असते तिचाच. बोर्डाला एक सिरियल लाइन, एलसीडी, एक बटण आणि एन्कोडर बसवलेली मोटर जोडलेली आहे.

वरिष्ठ: मुख्य लूपमध्ये फ्लॅग एकामागून एक तपासायचे. लागलेला असेल तर काम करायचं, नसेल तर पुढे जायचं. असा प्रोग्राम वरून खाली वाचला की काय कशानंतर होणार ते कळतं. दोन ओळींच्या मधे तिसरंच काही घुसत नाही.

कनिष्ठ: पण सर, मग सगळं लूपच्या एका फेरीला किती वेळ लागतो त्यावर अवलंबून राहतं. आपली सिरियल लाइन १,१५,२०० बॉडची आहे. स्टार्ट आणि स्टॉप धरून बाइटला दहा बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. साधारण दर ८७ मायक्रोसेकंदांना एक. या चिपच्या रिसिव्हरमध्ये दोन बाइटांचा बफर आहे, तिसरा बाइट शिफ्ट रजिस्टरमध्ये थांबतो. चौथ्याचा स्टार्ट बिट आला की ओव्हररन. आणि एलसीडी पुसायच्या एका कमांडलाच दीड मिलिसेकंद लागतो. तेवढ्या वेळात सतरा बाइट येतात.

वरिष्ठ: एलसीडीपुढे वाट बघत उभं राहिलं तर तसं होणारच. कमांड द्यायची, लूप पुढे न्यायचा, दीड मिलिसेकंद झाला का ते पुढच्या फेरीत पाहायचं. ही पोलिंगची चूक नाही, लिहिणाऱ्याची आहे.

कनिष्ठ: मान्य. पण मग लूपमधला प्रत्येक तुकडा अडीचशे मायक्रोसेकंदांच्या आत संपला पाहिजे, आणि ही अट कुठेच लिहिलेली नसते. सहा महिन्यांनी कुणी तापमानाचं गणित करणारं फंक्शन जोडतं आणि सिरियल लाइनवरचे बाइट गळायला लागतात. त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. इंटरप्टमध्ये बाइट उचलून रॅममधल्या रिंग बफरमध्ये ठेवला की ते गणित कितीही रेंगाळलं तरी चालतं.

कनिष्ठेच्या युक्तिवादातला शेवटचा भाग या बोर्डापुरता निर्णायक आहे. पोलिंगमध्ये सर्वांत घाईच्या कामाची अट बाकीच्या सगळ्या कामांवर लादली जाते. इंटरप्टमध्ये ती फक्त आयएसआरवर राहते. तरीही वरिष्ठांचा आक्षेप येथे संपत नाही, कारण त्यांचा रोख वेगावर नसून त्या घुसण्यावर आहे. त्याआधी मागणी कशी जन्मते ते पाहिले पाहिजे.

बाह्य इंटरप्टमध्ये पहिली निवड अशी: घटना कशाला म्हणायचे? पिन खाली असण्याला, की पिन बदलण्याला? ८०५१ मध्ये आयएनटी० आणि आयएनटी१ या दोन पिनांसाठी ‘लो लेव्हल’ किंवा ‘फॉलिंग एज’ असे दोनच पर्याय होते. एटीमेगा३२८पी मध्ये याच नावाच्या पिना पीडी२ आणि पीडी३ येथे आहेत आणि पर्याय चार आहेत: लो लेव्हल, कोणताही बदल, फॉलिंग एज, रायझिंग एज. याखेरीज चिपच्या जवळजवळ प्रत्येक पिनला ‘पिन चेंज’ इंटरप्ट आहे, पण तो तीन गटांत बांधलेला. गटातली कोणतीही पिन बदलली की गटाचा एकच फ्लॅग लागतो. कोणती बदलली आणि कोणत्या दिशेने, हे पोर्ट वाचून मागच्या वाचनाशी ताडून पाहावे लागते. एसटीएम३२एफ१०३ या कॉर्टेक्स-एम३ सीपीयूच्या चिपमध्ये पिनांसाठी सोळा लाइन आहेत, मात्र एका क्रमांकाची लाइन एकाच पोर्टला देता येते. पीए० आणि पीबी० या दोन्हींवर एकाच वेळी बाह्य इंटरप्ट घेता येत नाही. सर्किट काढतानाच हे ध्यानात नसेल तर बोर्ड हाती आल्यावर तारा जोडत बसावे लागते.

वरिष्ठ: लेव्हल घ्यायची की एज, हे मी नव्या माणसाला आधी विचारतो. तू सांग. तीन सेन्सरांच्या ओपन-ड्रेन पिना एकाच इंटरप्ट लाइनला बांधल्यात. काय निवडशील?

कनिष्ठ: लो लेव्हल. पहिल्या सेन्सरने लाइन खाली ओढली, ती खाली असतानाच दुसऱ्यानेही ओढली, तर नवी एज येतच नाही. एज निवडली आणि आयएसआरने फक्त पहिल्याचं काम करून परत फिरायचं ठरवलं, तर लाइन खालीच राहते आणि त्यानंतर एकही इंटरप्ट येत नाही. लेव्हल असेल तर परतल्यावर पुन्हा मागणी होते.

वरिष्ठ: आणि लेव्हलचा धोका?

कनिष्ठ: मागणीचं कारण मिटवलं नाही तर आयएसआर संपतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो. या चिपमध्ये परत आल्यावर मुख्य प्रोग्रामची एक सूचना नक्की चालते, मगच पुढचा इंटरप्ट. म्हणजे प्रोग्राम थांबत नाही, एकेका सूचनेने सरपटतो. बाहेरून मात्र बोर्ड अडकल्यासारखाच दिसतो.

मागणी मान्य झाल्यावर हार्डवेअर काय करते, याबाबत कुटुंबाकुटुंबांत मोठा फरक आहे. एटीमेगा३२८पी चालू सूचना पूर्ण करते, परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवते, सामाईक इंटरप्ट बिट शून्य करते आणि व्हेक्टर टेबलमधल्या ठरलेल्या पत्त्यावर जाते. याला किमान चार सायकल लागतात. तेथे बहुधा जंपची सूचना असते, तिच्या तीन. सोळा मेगाहर्ट्झवर या सात सायकल म्हणजे ४३७.५ नॅनोसेकंद. एवढे झाल्यावरही स्टेटस रजिस्टर आणि कामाची रजिस्टरे जशीच्या तशी राहिलेली असतात. ती स्टॅकवर ठेवणे आणि शेवटी परत काढणे हे सॉफ्टवेअरचे काम. सी भाषेत लिहिले तर कंपायलर ते करतो, आणि आयएसआरमधून दुसरे फंक्शन बोलावले की हा बोजा एकदम वाढतो, कारण ते फंक्शन कोणती रजिस्टरे वापरील हे ठाऊक नसल्याने कंपायलर अनेक रजिस्टरे जपून ठेवतो.

कॉर्टेक्स-एम३ मध्ये हे बरेचसे काम हार्डवेअरनेच अंगावर घेतले आहे. आठ रजिस्टरे आपोआप स्टॅकवर जातात, आणि ती नेमकी अशी निवडली आहेत की आयएसआर हे साधे सी फंक्शन म्हणून लिहिता यावे. मेमरी वाट पाहायला लावत नसेल तर या प्रवेशाला बारा सायकल लागतात. एक आयएसआर संपताना दुसरा थांबलेला असेल तर रजिस्टरे काढून पुन्हा ठेवण्याचा खटाटोप टाळून सहा सायकलींत थेट त्याच्याकडे जाता येते.

फ्लॅग पुसण्याबाबत गाफील राहून चालत नाही. एटीमेगामध्ये एजने लागलेला बाह्य फ्लॅग किंवा टायमरचा फ्लॅग आयएसआरकडे जाताना आपोआप पुसला जातो. सिरियलचा ‘बाइट आला’ हा फ्लॅग मात्र डेटा रजिस्टर वाचल्याशिवाय पुसला जात नाही; तेथे फ्लॅगचा अर्थच ‘न वाचलेला बाइट शिल्लक आहे’ असा आहे. एसटीएम३२ मध्ये पिनांच्या फ्लॅगवर आयएसआरने स्वतः १ लिहावा लागतो. शून्य करण्यासाठी १ लिहायचा, ही रीत नवख्याला उलटी वाटते, पण तिच्यामागे नेमका विचार आहे. रजिस्टर वाचून, एक बिट बदलून परत लिहिण्याच्या मधल्या वेळात दुसरा फ्लॅग लागला, तर नेहमीच्या पद्धतीने तो नकळत पुसला गेला असता. ज्याला १ लिहिला तेवढाच पुसला जात असेल तर बाकीचे सुरक्षित राहतात. म्हणून अशा रजिस्टरवर ‘ऑर’ करून लिहू नये, हवा तो बिट एकटा लिहावा. ‘ऑर’ केले की आधी लागलेले सगळे फ्लॅग १ म्हणून वाचले जातात आणि तसेच परत लिहिले जाऊन पुसले जातात. कॉर्टेक्समध्ये आणखी एक सावधगिरी लागते. फ्लॅग पुसणारी सूचना आयएसआरची शेवटचीच असेल, तर ती पेरिफेरलपर्यंत पोहोचण्याआधी सीपीयू बाहेर पडतो, मागणी अजून जिवंत दिसते आणि आयएसआर विनाकारण दुसऱ्यांदा चालतो. फ्लॅग आरंभीच पुसला की हा प्रश्न येत नाही.

कनिष्ठ: दोन मागण्या एकदम आल्या तर काय, हा प्रश्नही चिप सोडवते. एटीमेगामध्ये टेबलात जिचा पत्ता आधी, तिला आधी मान. रिसेटनंतर लगेच आयएनटी०. कॉर्टेक्समध्ये प्राधान्य आपण ठरवतो. एसटीएम३२ मध्ये सोळा पातळ्या आहेत, आकडा लहान तितकं प्राधान्य मोठं. वरच्या पातळीचा इंटरप्ट खालच्याचा आयएसआर मधेच थांबवू शकतो.

वरिष्ठ: एटीमेगाबद्दल अर्धंच सांगितलंस. तिथला क्रम फक्त थांबलेल्या मागण्यांमध्ये निवड करायला आहे. एकदा सिरियलचा आयएसआर सुरू झाला की आयएनटी० सुद्धा तो संपेपर्यंत बाहेर थांबतो. म्हणून सगळ्यात घाईच्या कामाची वाईटात वाईट वाट म्हणजे इतर कुठलाही सर्वांत लांब आयएसआर, किंवा मुख्य प्रोग्राममध्ये इंटरप्ट बंद ठेवलेला सर्वांत लांब पट्टा, यांतलं जे मोठं ते. डेटाशीटमधल्या चार सायकली सगळ्यांना पाठ असतात, हा आकडा मात्र कुणी काढत नाही. आयएसआरमध्ये डिले घालणारी मुलं मी पाहिली आहेत. आर्डुइनोमध्ये तो डिले ज्या टायमरवर मोजला जातो त्याचाच इंटरप्ट त्या वेळी बंद असतो. वेळ पुढे सरकतच नाही.

कनिष्ठ: आयएसआर लहान ठेवायचा यावर आपलं भांडण नाहीच, सर. बाइट उचला, वेळ टिपा, एक निशाणी लावा, परत या. उरलेलं काम लूपमध्ये.

वरिष्ठ: निशाणी लावा म्हणालीस, तिथेच माझा मुख्य आक्षेप आहे. एन्कोडरचे पल्स मोजणारा १६ बिटांचा काउंट घे. आयएसआर तो वाढवतो, लूप तो वाचतो. चिप आठ बिटांची, म्हणून वाचन दोन वेळा. काउंट २५५ आहे, लूपने खालचा बाइट वाचला, तो २५५. तेवढ्यात इंटरप्ट आला, काउंट २५६ झाला, म्हणजे वरचा बाइट १, खालचा ०. परत येऊन लूपने वरचा बाइट वाचला, तो १. हाती आलं ५११. हा आकडा काउंटमध्ये कधीच नव्हता.

कनिष्ठ: म्हणून वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद करायचे.

वरिष्ठ: आणि नंतर चालू करायचे?

कनिष्ठ: नाही, आधीच्या स्थितीत आणायचे. स्टेटस रजिस्टर जपून ठेवायचं, इंटरप्ट बंद करायचे, दोन बाइट वाचायचे, रजिस्टर परत लिहायचं. सरळ चालू केले तर आधीपासून बंद ठेवलेल्या पट्ट्यातून कुणी हे फंक्शन बोलावलं असेल, तर त्याचं संरक्षण आपण मोडतो. शिवाय काउंट व्होलाटाइल जाहीर करावा लागतो, नाहीतर कंपायलर तो रजिस्टरमध्ये धरून ठेवतो आणि लूपला बदल दिसतच नाही. पण एकट्या व्होलाटाइलने तुमचं ५११ टळत नाही.

वरिष्ठ: बरोबर. पण हा दोष टेबलावर हजार वेळा चालवून दिसेलच असं नाही. इंटरप्ट दोन ठरावीक सूचनांच्या मधे पडला तरच तो दिसतो. मोटर ग्राहकाकडे सहा महिन्यांत एकदा गचका खाते, आणि आपल्याकडे आली की खात नाही.

ही भीती इंटरप्टइतकीच जुनी आहे. नेदरलँड्समधील एलेक्ट्रोलॉजिका एक्स१ या संगणकासाठी एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी इंटरप्टवर चालणारी इनपुट-आउटपुटची व्यवस्था रचली. १९५९ सालचा त्यांचा आम्स्टरडॅम विद्यापीठातील प्रबंध याच कामावर आहे. पुन्हा घडवून पाहता न येणाऱ्या चुकांच्या धास्तीने आपण सुरुवातीला या यंत्रणेला बिचकलो होतो, असे त्यांनी पुढे आठवणींत नोंदवले आहे. चाचणीने अशी चूक सापडेल याची हमी नसल्यामुळे प्रोग्राम बरोबर आहे हे विचारानेच दाखवावे लागते. ५११ च्या उदाहरणातही चूक सापडली ती कागदावर.

वरिष्ठांच्या पक्षाला यातून एक शिस्तबद्ध रूपही मिळाले आहे. व्हिएन्नातील हर्मन कोपेट्झ यांनी वितरित यंत्रणांसाठी मांडलेल्या कालचालित रचनेत घटना नव्हे, तर घड्याळ काम सुरू करते. मायकल पाँट यांनी २००१ मधल्या पुस्तकात हीच दृष्टी ८०५१ कुटुंबावर उतरवली: संपूर्ण चिपमध्ये इंटरप्ट एकच, टायमरचा. त्याच्या प्रत्येक टिकवर कामांच्या तक्त्यातले पुढचे काम चालते आणि बाकी सर्व पेरिफेरल पोलिंगने तपासली जातात.

कनिष्ठ: त्या तक्त्याचा मला आदर आहे. पण घटनांवर चालणाऱ्या रचनेचं गणितच करता येत नाही, हे खरं नाही. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये दाखवलं की कामं एकमेकांवर अवलंबून नसतील आणि ज्याचा आवर्तनकाळ लहान त्याला प्राधान्य मोठं दिलं, तर सीपीयूचा एकूण वापर सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असेपर्यंत प्रत्येक काम आपल्या मुदतीत होतं. सिरियलचा बाइट ८७ मायक्रोसेकंदांपेक्षा लवकर येऊच शकत नाही. म्हणजे त्याचा आवर्तनकाळ मला ठाऊक आहे.

वरिष्ठ: सिरियलचा ठाऊक आहे. तरंगत्या पिनचा? पुल-अप लावायचा राहिला, वायर तुटली, शेजारून मोटरची केबल गेली, की ती पिन सेकंदाला किती वेळा हलेल याला मर्यादा नाही. पोलिंगमध्ये कचरा सिग्नल आला तर मला कचरा आकडा मिळतो, लूप मात्र चालू राहतो. तुझ्या रचनेत बाहेरची एक तुटकी वायर सगळा सीपीयू खाते.

या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही, उपाय आहेत. आयएसआरने आपलाच इनेबल बिट शून्य करून जायचे आणि ठरलेल्या अंतराने टायमरने तो पुन्हा लावायचा, म्हणजे तुटक्या वायरलाही आवर्तनकाळ मिळतो. लिनक्समधील नेटवर्क ड्रायव्हर अशाच कारणाने पहिल्या इंटरप्टनंतर पोलिंगकडे वळतात.

बटणाबाबत वरिष्ठांचाच पक्ष बरोबर आहे. यांत्रिक बटणाचे पत्रे दाबताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबण्यात अनेक एज येतात. प्रत्येक एजला इंटरप्ट घेऊन नंतर त्यातल्या बहुतेक टाकून देण्यापेक्षा दर ५ मिलिसेकंदांनी पिन वाचावी आणि सलग चार वाचने सारखी आली की ती मानावी. माणसाच्या बोटाला २० मिलिसेकंदांचा उशीर जाणवत नाही.

मात्र बोर्ड बॅटरीवर आला की पारडे फिरते.

कनिष्ठ: डेटाशीटप्रमाणे ही चिप १.८ व्होल्ट आणि १ मेगाहर्ट्झवर जागी असताना ०.२ मिलिअँपिअर घेते. पॉवर-डाउनमध्ये ०.१ मायक्रोअँपिअर. दोन हजार पटींचा फरक. तुमचा लूप बटण दाबलं नाही ना, हे विचारण्यातच बॅटरी संपवतो.

वरिष्ठ: झोपवायला माझी हरकत नाही. पण झोपेच्या आधीची फट पाहिलीस का? लूप निशाणी तपासतो, ती लागलेली नसते. झोपेची सूचना देणार, तेवढ्यात इंटरप्ट येतो, निशाणी लावून जातो. लूप परत येतो आणि झोपतो. ज्या घटनेने उठवायचं ती होऊन गेली. आता दुसरी येईपर्यंत चिप झोपलेली.

कनिष्ठ: त्याचं उत्तर चिप करणाऱ्यांनीच देऊन ठेवलंय. आधी इंटरप्ट बंद करायचे, मग निशाणी तपासायची. काम नसेल तर इंटरप्ट चालू करायची सूचना आणि तिला लागूनच झोपेची सूचना. या चिपमध्ये इंटरप्ट चालू केल्यावर पुढची एक सूचना पूर्ण होईपर्यंत कुठलाही इंटरप्ट घेतला जात नाही. म्हणजे त्या दोघींच्या मधे कुणी शिरूच शकत नाही. मधल्या काळात घटना झाली असेल तर तिचा फ्लॅग लागलेला असतो, आणि चिप झोपल्या झोपल्या उठते.

कॉर्टेक्समध्ये हाच पेच निराळ्या रीतीने सुटतो. तेथे इंटरप्ट बंद असतानाच ‘इंटरप्टची वाट पाहा’ ही सूचना द्यायची. थांबलेली मागणी आयएसआर न चालवताही सीपीयूला उठवते, आणि इंटरप्ट नंतर चालू करता येतात. कोणती मागणी कोणत्या झोपेतून उठवू शकते हे मात्र घड्याळावर ठरते. एटीमेगाच्या पॉवर-डाउनमध्ये मुख्य घड्याळ बंद असल्याने सिरियलचा बाइट चिपला उठवू शकत नाही. बाह्य पिनवरची लो लेव्हल, पिन चेंज, वॉचडॉग टायमर आणि टू-वायर बसवरील पत्त्याची ओळख उठवू शकतात. लेव्हलने उठवायचे तर घड्याळ स्थिरावेपर्यंत ती टिकून राहावी लागते. बॅटरीवरच्या बोर्डात बटणासाठीही मग दोन्ही पक्ष लागतात: पिन चेंजने उठायचे, लगेच तो इंटरप्ट बंद करायचा आणि थरथर संपेपर्यंत टायमरवर वाचत राहायचे.

एन्कोडरने दोन्ही पक्षांना अडचणीत आणले. फेरीमागे ६०० पल्स, मोटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांची. म्हणजे सेकंदाला ३०,००० पल्स, आणि दोन्ही चॅनलच्या चारही एज मोजल्या तर १,२०,०००.

वरिष्ठ: दर ८.३ मायक्रोसेकंदांना एक एज. लूप एवढ्यात फिरून येणार नाही, हे मी आधीच कबूल करतो.

कनिष्ठ: आणि माझ्याकडे दोन एजांच्या मधे १३३ सायकली. आत जाणं, रजिस्टरं जपणं, दिशा ठरवणं, काउंट वाढवणं, परत येणं यांत साठएक गेल्या तर निम्मा सीपीयू संपला. त्यात सिरियलचा आयएसआर लांबला तर एज चुकते.

वरिष्ठ: मग हे काम सीपीयूचंच नाही.

एसटीएम३२ च्या टायमरांना एन्कोडर मोड असतो. दोन्ही चॅनल थेट टायमरला जोडले की वर-खाली मोजणी हार्डवेअरमध्ये होते आणि प्रोग्राम हवे तेव्हा काउंट वाचतो. एटीमेगा३२८पी मध्ये तो मोड नाही, पण १६ बिटांच्या टायमर१ ला इनपुट कॅप्चर आहे: पीबी० पिनवर एज आली त्या क्षणीचा टायमरचा आकडा वेगळ्या रजिस्टरमध्ये गोठवला जातो. आयएसआरला पोहोचायला उशीर झाला तरी वेळेची नोंद बिघडत नाही, फक्त पुढची एज येण्याआधी ती वाचली पाहिजे. डीएमए हाच विचार डेटासाठी करतो. बाइट थेट रॅममध्ये जातात आणि इंटरप्ट बफर अर्धा आणि पूर्ण भरल्यावरच येतो. अशा पेरिफेरलांमुळे घटनेचा क्षण हार्डवेअर टिपते आणि तिच्यावरचे काम प्रोग्राम आपल्या तक्त्यानुसार करू शकतो. वरिष्ठांना हवी असलेली वाचनीयता आणि कनिष्ठेला हवी असलेली तत्परता येथे एकाच बोर्डावर शक्य होते. म्हणून एन्कोडरसाठी बोर्ड बदलण्यावर दोघांचे एकमत झाले.

मतभेद उरला तो व्हेक्टर टेबलच्या रिकाम्या जागांवर. एखादा इंटरप्ट चुकून चालू केला आणि त्याचा आयएसआर लिहिलाच नाही, तर एटीमेगा ज्या एव्हीआर कुटुंबातली आहे त्याच्या सी लायब्ररीत प्रोग्राम रिसेटच्या पत्त्यावर उडी मारतो. एसटीएम३२ च्या नेहमीच्या स्टार्टअप फाइलीत तो अखंड लूपमध्ये थांबतो.

वरिष्ठ: थांबून राहण्यापेक्षा पुन्हा सुरू झालेलं बरं. मोटर फिरत असते.

कनिष्ठ: पण सर, ती नुसती उडी आहे, खरा रिसेट नाही. पेरिफेरलांची रजिस्टरं तशीच राहतात. चुकून लागलेला इनेबल बिटही तसाच. प्रोग्रामने सुरुवातीला सामाईक बिट चालू केला की पुन्हा तोच इंटरप्ट, पुन्हा तीच उडी. आणि मोटरचा पीडब्ल्यूएमही मधल्या काळात चालूच. थांबलेलं असेल तर निदान डिबगरमध्ये कुठे थांबलंय ते दिसतं.

वरिष्ठ: टेबलावर डिबगर असतो. ग्राहकाच्या शेतावरच्या पंपाला नसतो.

कनिष्ठ: मग त्या लूपआधी दोन गोष्टी करू. पीडब्ल्यूएम बंद करू. आणि कोणता इंटरप्ट चालू आहे तो क्रमांक कॉर्टेक्सच्या स्टेटस रजिस्टरमधून वाचून बॅकअप रजिस्टरमध्ये लिहू. ते रिसेटनंतरही टिकतं. मग लूपमध्ये थांबू. स्वतंत्र घड्याळावरचा वॉचडॉग खरा रिसेट करील, आणि सुरू झाल्यावर पहिल्यांदा तो क्रमांक सिरियलवर पाठवू.

वरिष्ठ: वॉचडॉगची मुदत किती? पीडब्ल्यूएम बंद झाल्यावर मोटर थांबायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त ठेव, नाहीतर फिरत्या मोटरवरच प्रोग्राम पुन्हा सुरू होईल.